किंतेरोस टेंगूळ

अँतोनेला लुदुएन्याची नोकरी एका टेंगळावर उभी होती. टेंगूळ आलेखावर होतं. अँटेना कुठल्या दिशेचं किती ऐकतो हे दाखवणारी रेघ छान गुळगुळीत यायला हवी, तशी ती यायचीही. फक्त डाव्या अंगाला एका ठिकाणी ती फुगायची, दारावर आपटलेल्या कपाळासारखी. कोर्दोबाच्या ज्या संशोधन-संस्थेत ती कामाला होती, तिथे अधिकृत कागदांवर त्याला ‘विकिरणातील स्थानिक उंचवटा’ म्हणत. कागद मिटले की सगळे टेंगूळच म्हणत.

अँटेना होता मेंडोसाकडच्या द्राक्षवाल्यांसाठी. त्यांनी मिळून एक गारा-संघ काढला होता. डोंगराकडून गारांचा ढग निघाला की ठाण्यावरच्या अँटेनाने तो आधीच ओळखायचा, भोंगा वाजवायचा आणि बागायतदारांनी धावत जाऊन वेलींवर जाळ्या ओढायच्या, अशी योजना होती. ठाणी चौदा. काम संस्थेला मिळालं आणि टेंगूळ अँतोनेलाच्या वाट्याला आलं.

ती सहा वर्षं कंत्राटावर होती. दर डिसेंबरात नाताळचा गोड पाव कापून, तोंडं पुसून झाली की साहेब लोकांना तिच्या कंत्राटाची आठवण व्हायची आणि मग ते आणखी एक वर्ष वाढायचं. तिला आता याचा वीट आला होता. तिला कायमची खुर्ची हवी होती, आणि हवी होती हे ती कुणापासून लपवतही नव्हती.

“टेंगूळ समजावून दे, खुर्ची तुझी,” विभागप्रमुख डॉक्टर एवारिस्तो किंतेरोस तिला म्हणाले होते. औषधाचे नव्हे, विद्युतचुंबकत्वाचे डॉक्टर. पण रोग्याकडे न बघता निदान करायची सवय त्यांनाही होती. “मी तर बघताक्षणी ओळखलं. केबल गळतेय.”

अँटेनापासून मोजणीच्या यंत्रापर्यंत जी केबल जाते ती शील्डेड असते. म्हणजे आतल्या तारेभोवती तांब्याच्या बारीक तारांची वीण चढवलेली असते, वेणी घालावी तशी. वीण घट्ट असली की आतलं आत राहतं. सैल असली की भोकांतून गळतं, मग केबलच स्वतःला अँटेना समजायला लागते आणि कुणी न विचारता मध्ये मध्ये बोलते. डॉक्टरांचं म्हणणं, हे टेंगूळ म्हणजे केबलचं असं मध्ये बोलणं.

म्हणणं काही वेडगळ नव्हतं. केबली असं करतात. अँतोनेलाने विणीचं मॉडेल रचलं. तारा किती, त्या किती जाड, एकमेकींवरून कुठल्या कोनात जातात, मधली भोकं केवढी, हे सगळं घातलं. फिरवायला डझनभर खुंट्या झाल्या. एवढ्या खुंट्या हातात असल्या की आलेखातून वाट्टेल ते काढता येतं. तिने मनावर घेतलं असतं तर डॉक्टरांचं नाकसुद्धा काढून दाखवलं असतं. तिने टेंगूळ काढलं. त्यासाठी विणीचा कोन इतका तिरपा करावा लागला की जगातल्या कुठल्याही कारखान्यात तशी केबल विणता आली नसती.

“असा कोन नसतो, डॉक्टर,” ती म्हणाली.

“कागदावर नसतो. केबल ओढली जाते, वाकते, तापते. केबलला आयुष्य असतं, बाई.”

खात्री करायला परदेशातून दुहेरी विणीची महागडी केबल मागवली. टेंगूळ होतं तिथेच राहिलं. साध्या माणसाला वाटलं असतं, केबल बदलूनही फरक नाही म्हणजे केबलचा दोष नाही. डॉक्टर साधे नव्हते. त्यांनी सिद्ध केलं की दुसरी वीण पहिल्या विणीशी संगनमत करते. मग केबलच्या गळ्यात गळती शोषणाऱ्या फेराइटच्या मण्यांची माळ घातली. टेंगूळ हललं नाही. डॉक्टरांनी त्या मण्यांवर वेगळा निबंध लिहिला. शेवटी माँतेविदेओच्या परिषदेत या सगळ्याला पारितोषिक मिळालं आणि त्या उंचवट्याला डॉक्टरांचं नाव मिळालं. पारितोषिकाची लाकडी पाटी डॉक्टरांच्या टेबलावर आली. अँतोनेलाचं नाव आभारात होतं, वातानुकूलन विभागाच्या खाली.

हे सगळं मोजलं जायचं ते चेंबरमध्ये. चेंबर म्हणजे आतून सगळीकडून फोमच्या निळ्या सुळक्यांनी मढवलेली खोली. लहरी भिंतीवर आदळून परत येऊ नयेत म्हणून ते सुळके. मधोमध फिरतं टेबल आणि त्यावर अँटेना. आत नको ती धातूची वस्तू गेली तर मोजणीचं वाटोळं होतं, म्हणून गुणवत्ता-अधिकारी ग्रासिएला सामुदिओ यांनी दारावर ठळक अक्षरांत पाटी लावली होती: आत खाणे, पिणे व परके धातू आणणे सक्त मनाई. ती पाटी लावायला जी माणसं गेली, ती काखेत थर्मास घेऊनच गेली होती.

त्याला इलाज नव्हता. तिथे माणूस ऑफिसला येताना एक वेळ चपला विसरेल, पण ‘माते’ नावाच्या पेयाचं सामान विसरणार नाही. भोपळ्याच्या पेल्यात कडू पाला, त्यात थर्मासातलं गरम पाणी, चोखायला धातूची नळी. पेला एकच, तो सगळ्यांत फिरतो. एक जण ओततो, बाकीचे आळीपाळीने पितात. आपली पाळी झाली की पेला गुपचूप परत द्यायचा, म्हणजे पुढच्या फेरीत परत मिळतो. ‘धन्यवाद’ म्हणायचं ते फक्त उठायचं असेल तेव्हा. एकदा तो शब्द तोंडातून गेला की तुम्ही त्या बैठकीतून बाहेर. मग तुम्हाला कुणी ओतत नाही.

तर नोव्हेंबरात गारा-संघाने काम तपासायला फिनलंडहून एक माणूस आणवला. नाव होंकासालो. उंच, फिकट, आणि त्याची स्पॅनिश पुस्तकातून उचलून आणल्यासारखी कोरी करकरीत. दोन दिवस त्याने अँतोनेलाचं मॉडेल उलटंपालटं करून पाहिलं. मॉडेल आणि मोजणी केसाला केस जुळत होती. त्याने मान हलवली. अँतोनेलाच्या डोळ्यांसमोर खुर्ची आली, हातांसह.

तिसऱ्या दिवशी सगळी वरात चेंबरमध्ये गेली. फिरतं टेबल सुरू झालं, अँटेना संथपणे फिरू लागला. होंकासालोने पेन उचलून टेबलाकडे दाखवलं.

“आणि हा दंडगोल?”

“कुठला?” सामुदिओबाईंनी विचारलं.

“हा, अँटेनाच्या पायाशी, डावीकडे. स्टीलचा. पहिल्या अहवालापासून प्रत्येक फोटोत आहे. याचं काम काय, ते मला कुठे सापडलं नाही.”

सगळ्यांनी बघितलं. अँटेनाच्या पायाशी एक लिटरभर पाण्याचा स्टीलचा थर्मास अँटेनासोबत शांतपणे गोल फिरत होता. पोटावर बेल्ग्रानो फुटबॉल क्लबचा अर्धा सोललेला स्टिकर होता. अँतोनेलाने तो रोज पाहिला होता. दीड वर्षं तिने त्याच्या शेजारी केबली जोडल्या, सोडल्या, पुन्हा जोडल्या. पण या देशात थर्मास कुणाला दिसतो? माणसाच्या पायाशी थर्मास असायचाच, मग अँटेनाच्या पायाशी असला म्हणून कोण दचकणार? तो दिसायला थेट फिनलंडहून माणूस यावा लागला.

“हा संदर्भ-दंडगोल,” डॉक्टर किंतेरोस म्हणाले. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

“असं होय. आणि त्यावरचं ते चित्र?”

“बाजू ओळखायला.”

होंकासालोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. इतक्या दूरच्या देशात लोक एवढी काळजी घेतात हे त्याला आवडलं असावं. त्याने तिथेच प्रमाणपत्रात वाक्य घातलं: संदर्भ-दंडगोलासह संपूर्ण मांडणी मान्य, ठाण्यांवर हीच मांडणी तंतोतंत ठेवावी.

पाहुण्याला घेऊन सगळे जेवायला गेले. अँतोनेला डोकं दुखतंय म्हणून मागे राहिली. चेंबरमध्ये जाऊन तिने थर्मास उचलून बाहेर ठेवला आणि पुन्हा मोजणी लावली. रेघ आली ती आरशासारखी सपाट. टेंगळाचा मागमूस नाही. तिला आधी आनंद झाला, खरंच झाला, कारण रेघ फार सुंदर होती. मग लक्षात आलं. सहा वर्षांतलं तिचं सगळ्यात चांगलं काम एका थर्मासाचं चित्र काढण्यात गेलं होतं. तारांची जाडी, कोन, भोकं, संगनमत करणाऱ्या विणी, सगळं मिळून एक थर्मास.

चेंबर चालवणारा तिंचो बासान हातात सँडविच घेऊन आला आणि दारातच थबकला.

“अगं, हा तर डॉक्टरांचा! हरवला म्हणून महिनाभर माझ्याकडे मीच चोर असल्यासारखं बघत होते.” त्याने झाकण फिरवून आत नाक घातलं आणि तोंड फिरवलं. “दीड वर्ष झालं. आत शेवाळ धरलंय.”

“त्यांनी ओळखला असेल, तिंचो?”

“स्वतःचा थर्मास? बायकोला नाही ओळखणार एक वेळ.”

दुपारी डॉक्टरांच्या खोलीत डॉक्टर, सामुदिओबाई आणि ती अशी तिघं बसली. डॉक्टर नव्या थर्मासातून ओतत होते. अँतोनेलाने सपाट रेघेचा कागद पारितोषिकाच्या पाटीला टेकवून उभा केला आणि जे होतं ते सांगून टाकलं.

“थर्मास बाहेर काढला?” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे मान्य झालेली मांडणी बिघडवलीस.”

“डॉक्टर, टेंगूळ थर्मासाचं आहे. केबलचं नाही.”

“मॉडेल जुळतंय ना?”

“जुळतंय, पण—”

“मग मॉडेल चूक कसं? जुळणाऱ्या गोष्टीला चूक म्हणायची पद्धत नाही आपल्याकडे.”

सामुदिओबाईंनी पेला परत दिला. “माझी अडचण वेगळी आहे. तो थर्मास नोंदीत नाही. नोंदीत नाही तो आत असू शकत नाही, कारण आत काही जात नाही, पाटी आहे. आणि जो आत नव्हता तो हिने बाहेर कसा काढला? काढला असं लिहायचं तर आधी तो आत होता असं लिहावं लागेल. तसं लिहिलं तर मला माझ्याविरुद्धच चौकशी लावावी लागेल.”

“लावा मग,” अँतोनेला म्हणाली. “आपण दुरुस्तीचा तक्ता करून दिलाय संघाला. डावीकडच्या दिशेला यंत्र आकडा कमी करून वाचणार, कारण तिथे टेंगूळ आहे असं आपण सांगितलंय. ठाण्यावर थर्मास नसेल तर टेंगूळ नसेल. मग त्या दिशेने खऱ्या गारा आल्या तरी यंत्राला वाटेल, भुरभुर आहे. भोंगाच वाजणार नाही.”

नळीचा तेवढा खुर्र आवाज झाला.

“थर्मास नसेल तर,” डॉक्टर सावकाश म्हणाले. “असेल तर?”

“म्हणजे?”

“होंकासालोने काय लिहिलंय? ठाण्यांवर हीच मांडणी. बसवू की. चौदा अँटेनांना चौदा दंडगोल. सगळं तंतोतंत जुळेल. ग्रासिएला, नोंद होईल ना?”

“नव्या वस्तूंची होते. क्रमांक देते,” सामुदिओबाईंचा चेहरा उजळला. “जुन्यालाही देते. मागच्या तारखेने.”

अँतोनेला हसणार होती. पण समोरची दोन्ही माणसं हसत नव्हती. डॉक्टरांनी पेला भरून तिच्यासमोर धरला.

“हे बघ. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं म्हणजे हा हंगाम गेला. संघ पैसे थांबवेल. डिसेंबरात तुझं कंत्राट कोण वाढवणार? आणि हे असं झालं तर, दंडगोलांची जबाबदारी घ्यायला कायमचं माणूस लागेलच. तुझ्याइतकं या विषयातलं दुसऱ्या कुणाला कळतं?”

हे मात्र खरं होतं. अँटेनापासून किती अंतरावर, किती उंचीवर, कुठल्या कोनात थर्मास ठेवला म्हणजे तेच टेंगूळ येईल हे देशात एकटीला तिलाच ठाऊक होतं. तिला गेल्या सहा वर्षांतले सहाही डिसेंबर आठवले. तिने पेला घेतला, प्यायली, आणि काही न बोलता परत दिला. डॉक्टरांनी पुन्हा भरला.

डिसेंबरात ती कायम झाली. दारावर पाटी लागली: प्रमुख, संदर्भ-दंडगोल. चौदा थर्मास एकाच दुकानातून आले, आणि सामुदिओबाईंच्या आग्रहावरून प्रत्येकावर बेल्ग्रानोचा स्टिकर लावून अर्धा सोलून काढण्यात आला. तंतोतंत म्हणजे तंतोतंत. अँतोनेलाने ठाण्याठाण्यावर फिरून अँटेनाच्या खांबाला छोटी फळी ठोकून घेतली, त्यावर थर्मास बसवला आणि मोजून पाहिलं. टेंगूळ चौदाच्या चौदा ठिकाणी उत्तम आलं. तिला लाज वाटली आणि थोडा अभिमानही वाटला, आणि अभिमान वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

फेब्रुवारीत सान राफाएलच्या ठाण्यावरून तक्रार आली. गारा पडल्या, भोंगा वाजला नाही. डॉक्टरांनी तिलाच पाठवलं. “दंडगोल हलला असेल. नीट बसव आणि तसा अहवाल दे.”

ते ठाणं दोन्या ओर्तेन्सियाच्या, म्हणजे ओर्तेन्सियाबाईंच्या, बागेच्या कडेला होतं आणि ते सांभाळायचं कामही संघाने तिलाच दिलं होतं. साठीची, रुंद हाडाची, उन्हाने रापलेली बाई. अँतोनेला गाडीतून उतरली तेव्हा ती अंगणात ठोकळ्यावर बसली होती. मागे बाग होती, म्हणजे होती असंच म्हणायचं. पानांच्या चिंध्या तारांवर लटकत होत्या. पुढच्या महिन्यात काढणीला यायची ती द्राक्षं खाली मातीत ठेचून पडली होती आणि आंबूस वास सुटला होता. जाळ्या ओळींच्या टोकाला गुंडाळलेल्याच होत्या, कुणी हात न लावलेल्या.

अँतोनेलाने अँटेनाच्या खांबाकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

“बस, पोरी. उन्हातून आलीस,” दोन्या ओर्तेन्सिया म्हणाली आणि पेल्यात पाणी ओतू लागली. ओतत होती त्या थर्मासावर बेल्ग्रानोचा अर्धा स्टिकर होता.

“दोन्या, हा... हा वरचा का?”

“हो ना. मागच्या खेपेला मी बाजाराला गेले होते, तेव्हा तुमचंच कुणी माणूस विसरून गेलं. म्हटलं, चांगला नवाकोरा थर्मास उन्हात कशाला ठेवायचा? आलं कुणी की देऊ परत.” तिने पेला पुढे केला. “तुझा का? घेऊन जा बाई. पण वस्तू चांगली आहे. सकाळचं पाणी अजून चटका देतंय.”

अँतोनेलाने पेला घेतला. मातेने जीभ भाजली, पण तिच्या लक्षात आलं नाही.

“गारा कुठून आल्या?” तिने विचारलं, उत्तर ठाऊक असताना.

“तिकडून. डावीकडच्या त्या सुळक्यामागून. मी आत यंत्रासमोरच बसले होते ना. भुरभुर दाखवत होतं. म्हटलं, एवढ्या शिकलेल्या लोकांनी बनवलंय, आपण कशाला मध्ये नाक खुपसा. पत्र्यावर आवाज आला तेव्हा उठले. तोवर काय राहिलं होतं.” ती चिडून बोलत नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. “माझंच काही चुकलं का गं? काही बटण राहिलं का माझ्याकडून?”

“नाही,” अँतोनेला म्हणाली. “तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही थर्मासाला थर्मास म्हणालात. मी म्हणाले नाही.”

दोन्या ओर्तेन्सियाला त्यातलं काही कळलं नाही, पण बाई रडायला आलीये एवढं कळलं. तिने दुसरीकडे बघितलं.

अँतोनेला उठून ठाण्याच्या खोलीत गेली. यंत्रात तक्ता होता, तिनेच केलेला, डॉक्टरांच्या नावाचा. तो बदलायला समितीची मंजुरी लागायची. मंजुरी मागायची तर कारण लिहावं लागायचं, आणि कारणाला, म्हणजे थर्मासाला, नोंदीत अधिकृत क्रमांक होता. तिने तक्ता पुसला. डावीकडची रेघ सरळ झाली, एरवी ती दुपारभर तिच्याकडे बघत बसली असती. बाहेर येऊन तिने खांबावरची फळी उपटली आणि अंगणात चुलीजवळ टाकली. दोन्या ओर्तेन्सिया थर्मास पुसून तिच्या हाती द्यायला लागली, तर तिने तो परत तिच्याच मांडीवर ठेवला.

फोन वाजला. डॉक्टर होते.

“पोचलीस? दंडगोल जागेवर आहे ना?”

अँतोनेलाने ठोकळ्यावरच्या बाईकडे पाहिलं. थर्मास काखेत, हातात पेला, पाण्याची धार पाल्याच्या एका कडेला, अगदी सांभाळून.

“आहे, डॉक्टर. आता जागेवर आहे. तक्ता मी पुसलाय.”

“समितीला विचारलंस?”

“सांगेन समितीला. संघालाही सांगेन, केबल कधीच गळत नव्हती म्हणून. उरलेली तेरा ठाणी आधी करते. तिथलेही थर्मास ज्याचे त्याला देऊन टाकते.”

“अँतोनेला, जरा शुद्धीवर ये. दोन महिने झालेत तुला कायम होऊन. मी अजून सांभाळून घेतो. इकडे ये, बसू, मातेचा पेला घेऊ, बोलू.”

“धन्यवाद, डॉक्टर,” ती म्हणाली.

तिने फोन खिशात टाकला. दोन्या ओर्तेन्सियाने भरलेला पेला पुढे केला. अँतोनेलाने तो घेतला, तळापर्यंत प्यायली आणि काही न बोलता परत दिला.